सत्ता, श्रद्धा आणि शेतसारा

इसवी सन ८५१ मध्ये अरबी भाषेत चीन आणि हिंदुस्थान यांची हकीकत सांगणारा एक लहानसा ग्रंथ तयार झाला. सुलेमान नावाच्या व्यापाऱ्याच्या नावावर तो ओळखला जातो. इराणी आखातातून निघून, केरळात कोल्लमला थांबून, कँटनपर्यंत जाणाऱ्या दर्यावर्दींनी पाहिलेले आणि ऐकलेले त्यात नोंदवले आहे. जगात मोठे राजे चार, असे हा ग्रंथ सांगतो. पहिला अरबांचा खलिफा, दुसरा चीनचा सम्राट, तिसरा रूमचा, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचा, आणि चौथा बल्हारा. हा बल्हारा म्हणजे ‘वल्लभराज’ हे बिरुद मिरवणारा मान्यखेटचा राष्ट्रकूट राजा. वेरूळचे कैलास लेणे खोदवून घेणारे घराणे ते हेच. मान्यखेट म्हणजे आजचे कलबुर्गी जिल्ह्यातले मालखेड. तिथे गेलेल्या माणसाला ही जगातल्या चौघांपैकी एकाची राजधानी होती, हे सांगूनही खरे वाटणार नाही.

मध्ययुगीन जगावरच्या या ग्रंथाची सुरुवात त्या यादीपासून करण्याला कारण आहे. ही चार राज्ये आपण शाळेपासून वेगवेगळ्या फडताळांत ठेवत आलो. युरोपचे मध्ययुग वेगळे, इस्लामचे वेगळे, चीनचे जवळजवळ नाहीच. आणि आपले स्वतःचे मध्ययुग अल्लाउद्दीन खलजी १२९६ मध्ये देवगिरीच्या तटाखाली येऊन उभा राहिला की सुरू होते. त्या व्यापाऱ्याला मात्र चारही दरबार एकाच समुद्राच्या वाटेवर दिसत होते. कोणता राजा कोणत्या देवाला भजतो यापेक्षा त्याच्या राज्यात माल सुरक्षित राहतो का, नाणे कोणते चालते, शिपाई उपाशी असतात का, ही त्याची चौकशी. बल्हाऱ्याबद्दल तो आवर्जून सांगतो, की हा राजा आपल्या फौजेला अरबांच्या रीतीप्रमाणे नियमित पगार देतो.

पगाराचे हे वाक्य सहज वाचून पुढे जावे असे नाही. मध्ययुगातल्या साम्राज्यांची निम्मी गोष्ट त्यात आहे, असे माझे मत आहे. ते पटण्यासाठी त्या चार दरबारांत ८५१ च्या सुमाराला काय चालले होते ते पाहावे लागेल.

खलिफा होता मुतवक्किल. राजधानी बगदादहून उत्तरेला सामर्रा इथे हलवलेली होती, कारण आधीच्या एका खलिफाने मध्य आशियातून विकत आणलेले तुर्क गुलाम सैनिक आणि बगदादचे रहिवासी यांचे पटेना. अरब टोळ्यांवर विसंबायला नको म्हणून ज्यांना आणले, तेच आता दरबाराचे मालक होत चालले होते. ८६१ मध्ये त्यांनी मुतवक्किलचा खून केला. पुढच्या नऊ वर्षांत चार खलिफा झाले. भांडणाच्या मुळाशी पुष्कळदा एकच गोष्ट असे: थकलेला पगार. ज्या अरबी रीतीचा दाखला सुलेमान बल्हाऱ्याची तारीफ करताना देतो, ती रीत तिच्या घरीच शेवटचे आचके देत होती.

चीनमध्ये तांग घराण्याचा सम्राट नुकत्याच उठलेल्या एका वादळानंतरची आवराआवर करत होता. सहा वर्षांपूर्वी, ८४५ मध्ये, त्याच्या आधीच्या वूझोंग सम्राटाने बौद्ध मठांवर घाला घातला होता. सरकारी आकड्यांप्रमाणे ४,६०० मठ मोडले गेले, २,६०,५०० भिक्षू-भिक्षुणींना संसारी करून करदात्यांच्या यादीत चढवले गेले आणि मठांच्या ताब्यातल्या दीड लाख गुलामांनाही त्याच यादीत ओढले गेले. काशाच्या मूर्ती आणि घंटा वितळवून नाणी पाडली. लोखंडी मूर्तींची शेतीची अवजारे झाली. सम्राटाचे ताओ धर्माचे वेड आणि परकी धर्माबद्दलचा राग यात होताच. पण ७५५ च्या आन लूशानच्या बंडापासून खिळखिळ्या झालेल्या खजिन्याला करमुक्त मठांच्या जमिनी डोळ्यांत खुपत होत्या, हेही तितकेच खरे. धर्मच्छळाच्या हकीकती वाचताना हिशेबाची वही जवळ ठेवावी.

कॉन्स्टँटिनोपलमध्ये मिखाएल तिसरा हा अकरा वर्षांचा पोर सम्राट होता आणि कारभार त्याची आई थिओडोरा पाहत होती. ८४३ मध्ये तिने संतांच्या प्रतिमांची पूजा पुन्हा सुरू करून शंभर वर्षांहून जुना वाद मिटवला होता. त्या वादात या लेखात शिरण्याचे कारण नाही. तिथल्या शिपायाला राखून ठेवलेल्या शेतजमिनीबद्दल मात्र पुढे बोलावे लागेल.

आणि चौथा, अमोघवर्ष. ८१४ मध्ये पोरवयात गादीवर बसला आणि साठ वर्षांहून अधिक काळ टिकला. जिनसेन या जैन आचार्यांचा तो भक्त होता. ‘कविराजमार्ग’ हा कन्नडमधला उपलब्ध सर्वांत जुना ग्रंथ त्याच्या दरबारातला आहे. हाच राजा, प्रजेवर आलेले अरिष्ट टळावे म्हणून महालक्ष्मीला आपल्या डाव्या हाताचे बोट कापून अर्पण करतो, असे ८७१ चा संजाणचा ताम्रपट सांगतो. ही महालक्ष्मी कोल्हापूरची, असे अनेक अभ्यासक मानतात. जैन की हिंदू, हा प्रश्न आपण त्याला विचारला असता तर तो विचारात पडला असता असे वाटत नाही. त्याला प्रश्नच कळला नसता. राजाने सर्व देवस्थानांची देणी द्यायची असतात, बाकी भक्ती त्याची त्याच्यापाशी.

आता पगाराकडे परत येतो. मध्ययुगातल्या राजाची अडचण साधी होती. संपत्ती जमिनीत पिकत होती, ती धान्याच्या रूपात होती, राजधानीपासून महिना-दोन महिन्यांच्या वाटेवर पसरलेली होती. ती गोळा करून, विकून, नाणे करून, पुन्हा हजारो शिपायांच्या हातात ठेवायची तर कारकून हवेत, बाजार हवेत, चांदी हवी. चीनच्या सोंग सम्राटांना हे इतरांपेक्षा बरे जमले. परीक्षा देऊन वर आलेले अधिकारी, पगारी फौज, आणि १०२० च्या दशकात सिचुआनमध्ये सरकारी कागदी चलन. बहुतेकांना मात्र हे जमले नाही. मग त्यांनी सोपा मार्ग काढला: धान्य शिपायाकडे नेण्याऐवजी शिपायालाच धान्याकडे पाठवले. हे गाव तुझे, इथला सारा तू खा, बोलावू तेव्हा घोडा घेऊन हजर राहा.

एवढ्या एका तडजोडीची जगभर किती रूपे झाली! बगदादवर ९४५ मध्ये बुवायही सरदारांनी ताबा मिळवला आणि खजिना रिकामा म्हणून त्यांनी शिपायांना इक्ते, म्हणजे सारा खाण्याच्या हक्काची गावे, वाटून टाकले. मिस्कवैह या तेव्हाच्या इतिहासकाराने याबद्दल केलेली तक्रार फार बोलकी आहे. ज्याला इक्ता मिळाला तो जमीन पिळून नापीक करतो, कालव्यांकडे पाहत नाही, आणि मग नापीक जमीन परत करून दुसरी मागतो, असा त्याचा मथितार्थ. पुढच्या शतकात सेल्जुक सुलतानांचा वजीर निझाम-उल-मुल्क याने ‘सियासतनामा’त बजावले, की इक्तेदाराचा हक्क फक्त ठरलेल्या साऱ्यावर आहे, रयतेच्या जीवावर, बायकामुलांवर, मालमत्तेवर नाही. बजावावे लागले, यातच काय ते आले. हीच इक्त्याची पद्धत दिल्लीला आली. अल्लाउद्दीनने शिपायांना रोख पगार देऊन ती मोडू पाहिली. फिरोजशहा तुघलकाने ती पुन्हा आणली आणि वंशपरंपरागत होऊ दिली. दख्खनमध्ये बहमनी आणि त्यांच्यामागच्या शाह्यांच्या काळात तिचे मोकासे झाले. मराठी वाचकाला इथे पुष्कळ ओळखीचे भेटेल.

पश्चिम युरोपात राजा इतका दुबळा झाला की दिलेले गाव परत घेण्याची ताकद त्याच्यात उरली नाही. सारा वसूल करणारा सरदारच गढी बांधून न्यायनिवाडा करू लागला, नाणी पाडू लागला. त्याला अपवाद इंग्लंडचा, जिथे परका विजेता बसला होता. विल्यमने १०८५ च्या नाताळात हुकूम सोडला आणि वर्षभरात १३,००० हून अधिक गावांची झडती घेतली गेली: जमीन कोणाची, नांगर किती, गिरण्या किती, डुकरे चरायला रान किती. ‘डूम्सडे बुक’ नावाच्या त्या दप्तरात नोंदलेल्या माणसांपैकी सुमारे दहावा हिस्सा गुलाम आहे. सरंजामी युरोपात गुलाम नव्हते, वेठीची कुळे होती, असे जे आपण ऐकतो ते निदान १०८६ च्या इंग्लंडपुरते तरी चूक आहे.

बायझंटियमचे, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या साम्राज्याचे, प्रकरण मला यात सर्वांत रंजक वाटते, कारण तिथल्या सम्राटांना धोका दिसत होता आणि त्यांनी तो कागदावर मांडला. त्यांची प्रांतिक फौज बऱ्याच अंशी लहान शेतकरी-शिपायांची. ९२७-२८ चा हिवाळा भयंकर गेला, दुष्काळ पडला आणि बड्या धेंडांनी पोटासाठी विकल्या गेलेल्या जमिनी कवडीमोलाने गिळल्या. रोमानोस सम्राटाने ९३४ मध्ये कायदा केला: दुष्काळात घेतलेल्या अशा जमिनी परत करा. त्याच्यामागच्या सम्राटांनीही त्याच धाटणीचे कायदे केले. धेंडांमध्ये मठही होते. नवे मठ बांधून त्यांना जमिनी देऊ नका, आधीचे ओस पडले आहेत ते सावरा, असा हुकूम निकेफोरोस फोकासने ९६४ मध्ये काढला. हा सम्राट स्वतः संन्याशासारखा राहणारा, एका संतपुरुषाचा निस्सीम भक्त. म्हणजे वूझोंगला जे दिसले तेच त्यालाही दिसले, आणि इथे धर्मद्वेषाची शंकाही घेता येत नाही. हुकूम टिकला नाही.

मठ, मंदिर, मशीद यांना जमीन का मिळत गेली? पुण्यासाठी, हे उत्तर खरे आहे पण अपुरे आहे. राजे मरतात, घराणी बुडतात, देवस्थान राहते. दप्तर ठेवणारी, वाचता-लिहिता येणारी, पिढ्यान्पिढ्या टिकणारी संस्था त्या काळात दुसरी नव्हती. अक्विटेनच्या सरदाराने ९१० मध्ये क्लूनीचा मठ स्थापन केला तो कोणत्याही स्थानिक सत्तेच्या हुकमाबाहेर ठेवून. इस्लामी जगात वक्फ केलेल्या मालमत्तेवर मदरसे, दवाखाने, पाणपोया चालत. शिवाय सुलतानाच्या लहरीपासून मुलाबाळांची मिळकत वाचवण्याची ती वाटही होती. तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतींवर राजराज चोळाने वसवलेल्या ४०० नर्तकींची नावनिशीवार नोंद आहे, आणि देवाच्या खजिन्यातून ग्रामसभांना व्याजाने दिलेल्या रकमांचीही. कंबोडियात जयवर्मन सातव्याने आईच्या स्मरणार्थ उभारलेल्या ता प्रोम मंदिराचा ११८६ चा शिलालेख तर थक्क करतो: या एका देवस्थानाच्या दिमतीला ३,१४० गावे आणि ७९,३६५ माणसे. त्याच लेखात राज्यभरच्या १०२ रुग्णालयांचा उल्लेख आहे. आज झाडांच्या मुळांनी वेढलेल्या त्या भिंतींची छायाचित्रे सगळे पाहतात. तिथे एके काळी तांदूळ, तूप, मध, कापड मोजून घेणाऱ्या कारकुनांची किती गर्दी असेल, हे मनात येत नाही.

धर्म बदलला की व्यवस्था बदलते, हा समज या तुलनेत फारसा टिकत नाही. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला शके ८४८ चा, म्हणजे ९२६ चा ताम्रपट यासाठी पुन्हा पुन्हा वाचण्यासारखा आहे. राष्ट्रकूट इंद्र तिसऱ्याच्या वेळी संजाणच्या मुलखावर कारभारी होता ताजिक, म्हणजे अरब वंशाचा मधुमती. मूळ नाव उघडच मुहम्मद. त्याने नदीवर फुकट नाव चालवली, अन्नछत्र घालून भात, कालवण आणि तूप वाढण्याची सोय केली. एका ब्राह्मणाने भगवतीची मठिका बांधली, तेव्हा तिला जमीन आणि गाव देण्याची व्यवस्था याच अधिकाऱ्याच्या हातून झाली. याला कोणी सर्वधर्मसमभावाचे प्रमाणपत्र म्हणून भिंतीवर लावू नये. मधुमती बंदराचा कारभारी होता आणि बंदर चालवायचे तर अरब गलबतवाला, पारशी, जैन वाणी, ब्राह्मण हे सगळे लागत. काराकोरमला मंगोल खानाकडे १२५४ मध्ये पोचलेल्या विल्यम ऑफ रुब्रुक या फ्रान्सिस्कन साधूलाही असेच दिसले: बारा मूर्तिपूजकांची देवळे, दोन मशिदी, एक चर्च. खानाने सर्वांचा वादविवाद ठेवला. सर्व धर्मांच्या पुरोहितांना करमाफी होती, सर्वांनी खानासाठी प्रार्थना करायची. सोशिकपणा आणि हिशेब यांतली रेषा मध्ययुगीन राजाच्या मनात कुठे होती, ते ओळखणे अवघड आहे.

समाजव्यवस्थेबद्दल लिहिताना एक कसोटी मी बरोबर ठेवली आहे: कोणाला जागा सोडून जाता येत नव्हते? ‘गुलाम’ म्हणून एकच चित्र डोळ्यांपुढे आणले तर फसगत होते. दक्षिण इराकच्या दलदलीत जमिनीवरचा खारा थर खरवडणारे पूर्व आफ्रिकी गुलाम ८६९ मध्ये उठले आणि चौदा वर्षे खलिफाच्या फौजांना त्यांनी दाद दिली नाही. ते झंज बंड. आणि कैरोत १२५० पासून राज्य करणारे ममलूकही गुलामच, काळ्या समुद्रापलीकडून विकत आणलेले. १२६० मध्ये ऐन जालूतला मंगोलांना त्यांनी अडवले. त्यांच्या व्यवस्थेत सरदाराच्या मुलाला बापाची जागा सहसा मिळत नसे, कारण तो जन्माने स्वतंत्र. पुढची पिढी पुन्हा बाजारातून यायची. जन्मावर सगळे ठरणाऱ्या समाजात वाढलेल्या वाचकाने यावर थोडे थांबावे.

व्यवस्थेचा खरा कस संकटात लागतो. १३४७ च्या शरदात प्लेगने अलेक्झांड्रिया गाठले, पुढच्या वर्षी इंग्लंड. दोन्हीकडे तिसरा हिस्सा माणसे, कदाचित त्याहून जास्त, गेली. इंग्लंडात मजूर दुर्मीळ झाले तसे ते जास्त मजुरी मागू लागले. १३५१ च्या कायद्याने मजुरी जुन्या दरावर बांधून टाकण्याचा खटाटोप झाला, १३८१ मध्ये शेतकऱ्यांनी उठाव केला, तो चिरडला गेला. पण कुळे रातोरात दुसऱ्या जमीनदाराकडे निघून जाऊ शकत होती आणि तो त्यांना ठेवून घेत होता. शंभर वर्षांत वेठ विरून गेली. इजिप्तमध्ये उलटे झाले. तिथली शेती नाईलच्या बांधांवर आणि कालव्यांवर, आणि ते राखायला शेकडो हात लागत. हात उरले नाहीत, बांध फुटले, पीक घटले. इक्ता खाणारे ममलूक कैरोत; गाव आज याचे, उद्या त्याचे; बांध दुरुस्त करण्यात कोणाला रस असणार? उरलेल्या फेलाहांवर, म्हणजे शेतकऱ्यांवर, तेवढाच सारा बसला. रोग तोच, आणि जगलेला शेतकरी एकीकडे वर आला, दुसरीकडे आणखी खाली गेला. ग्रंथातले सर्वांत लांब प्रकरण याच विषयावर आहे.

साधनांबद्दल दोन शब्द. वरचे जवळजवळ सगळे आकडे वसूल करणाऱ्यांनी लिहिलेले आहेत. वसूल देणाऱ्यांचा आवाज अपघातानेच उरतो. देवाचे नाव असलेला कागद नष्ट करायचा नाही म्हणून कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या खोलीत ज्यूंनी शतकानुशतके कागद टाकले. त्यात हिशेब, घटस्फोट, किरकोळ पत्रे, सगळे आले. त्यांतून बाराव्या शतकात मंगळूरला पितळी भांड्यांचा कारखाना चालवणारा ट्युनिशियाचा अब्राहम बेन यिजू आपल्याला भेटतो. ११३२ मध्ये त्याने अशू नावाच्या दासीला मुक्त केले. ती त्याची पत्नी झाली असावी. त्याचा गुलाम बोम्मा मालाबरोबर एडनला जाई, आणि तिकडचे व्यापारी पत्राच्या शेवटी त्याची विचारपूस करत. आपल्याकडे असा अपघात म्हणजे महानुभावांनी जपलेले ‘लीळाचरित्र’. चक्रधरांच्या आठवणी सांगण्याच्या ओघात यादवकाळातले रस्ते, हाट, देवळांच्या ओसऱ्या, शिळे अन्न, बायकांचे प्रश्न असे कितीतरी त्यात येऊन गेले आहे. याउलट, यादव दरबारातल्या हेमाद्रीच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’त व्रते आणि दाने सापडतात, ती करणाऱ्यांची घरे सापडत नाहीत.

राहिला प्रश्न थांबायचे कुठे. पाठ्यपुस्तके १४५३ म्हणतात, १४९२ म्हणतात. ममलूकांपुरते १५१७ बरोबर आहे. मी सोयीसाठी १५०० ही रेषा धरली आहे. पण गाव खायला देऊन चाकरी घेण्याची तऱ्हा त्या रेषेला जुमानत नाही. रशियात शेतकरी जमिनीशी बांधलेला राहिला तो १८६१ पर्यंत. महाराष्ट्रात बेदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्कांची सनद दिली अशी परंपरा सांगितली जाई. सनद दंतकथा असो वा नसो, वतनाच्या तुटपुंज्या जमिनीच्या आणि बलुत्याच्या मोबदल्यात अख्ख्या जातीने गावची आणि सरकारची पडेल ती चाकरी रात्रंदिवस करावी, हा व्यवहार खराच होता, आणि इंग्रज सरकारनेही तो चालू ठेवला. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणले, १९३७ मध्ये कोकणातली खोती, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी, नष्ट करण्याचे विधेयक आणले. दोन्ही त्या वेळी मंजूर झाली नाहीत. खोती १९४९ च्या कायद्याने गेली आणि महार वतन १९५८ च्या. म्हणून या ग्रंथाचे शेवटचे प्रकरण १५०० पाशी थांबत नाही. ते मुंबईच्या कायदेमंडळातल्या त्या चर्चेपर्यंत येते.